कंदाची पानं राखा, मोगऱ्याची फांदी कापा

निशिगंधाला यंदा फुलं का आली नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात असतं. फुलं संपल्यावर आडवी पडलेली, पिवळट पानं वाईट दिसतात म्हणून कुणीतरी ती विळ्याने साफ केलेली असतात. मोगऱ्याच्या बाबतीत चूक नेमकी उलटी होते. हिरवीगार फांदी कापायला हात धजत नाही, झुडूप पसरत जातं, आणि फुलं मात्र वर्षागणिक कमी होत जातात. एकाला कापून नुकसान, दुसऱ्याला न कापून. दोन्ही ठिकाणी अडतं एकाच गोष्टीवर: फूल झाडाच्या कोणत्या भागात आणि कधी तयार होतं, हे ठाऊक नसतं.

कंदाचं फूल आधीच्या हंगामातल्या पानांच्या कमाईवर येतं. पानांनी उन्हात बनवलेलं अन्न खाली कंदात साठतं, आणि त्या साठ्यावर पुढचा दांडा उभा राहतो. मोगरा, जास्वंद, गुलाब यांचं फूल येतं ते नव्या फुटीवर, म्हणजे जी फांदी अजून फुटायचीच आहे तिच्यावर. पुढचं सगळं यावरून ठरतं.

भाजीच्या टोपलीतले चार प्रकार

आपण सरसकट ‘कंद’ म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी येतात, आणि चारही घरच्या भाजीच्या टोपलीत सापडतात.

पहिला कांदा. उभा चिरला की खालची पांढरी चकती दिसते. ते त्याचं खोड. पापुद्रे म्हणजे पानांचे जाड झालेले तळ. कोंब चकतीच्या मधोमध. अमरिलिस, फुटबॉल लिली, स्पायडर लिली, रेन लिली हे सगळे कांदे. वरचे दोन-तीन पापुद्रे कुजले तर ते सोलून टाकून कांदा वाचतो. चकती मऊ पडली की तो गेला. म्हणून विकत घेताना अंगठा कांद्याच्या पोटावर दाबण्यापेक्षा बुडाला दाबून बघा.

दुसरा सुरण. आतून घट्ट, एकसंध, पापुद्रे नाहीत. ग्लॅडिओलस या प्रकारातला. त्याचा गड्डा एका हंगामात झिजून संपतो आणि त्याच्याच डोक्यावर नवा बसतो. उकरल्यावर खाली सुकलेली चपटी टोपी आणि वर ताजा गड्डा दिसतो, तो यामुळेच. खालची टोपी हाताने मोडून फेकायची.

तिसरं रताळं. डेलियाच्या गाठी अशा असतात, पण एक फरक महत्त्वाचा आहे. रताळ्याला अंगावर कुठूनही कोंब येऊ शकतो. डेलियाच्या गाठीला तो फक्त जुन्या खोडाच्या बुंध्याशी येतो. मान तुटलेली गाठ कितीही टपोरी असली तरी तिला मुळ्या फुटतील, झाड येणार नाही. पाकिटातून सुट्या गाठी विकल्या जातात तेव्हा मान शाबूत आहे का, एवढंच बघायचं.

चौथं आलं. कर्दळ आणि सोनटक्का आल्यासारखेच आडवे वाढतात. दोन-तीन डोळे असलेला बोटभर तुकडा लावला की झालं. यांना फारसं काही शिकावं लागत नाही.

कळलावीचा कंद या चारांत नीट बसत नाही. तो नांगरासारखा वाकडा असतो (संस्कृतातलं ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच) आणि कोंब फक्त टोकाला असतो; टोक मोडलं की कंद वाया. हा कंद अत्यंत विषारी आहे, त्यात कोल्चिसिन असतं, आणि रताळं समजून खाल्ल्यास जीव जाऊ शकतो. लावायचाच तर हातमोजे घाला आणि भाजीच्या वाफ्याजवळ लावू नका. अमरिलिस, फुटबॉल लिली आणि रेन लिली यांचे कांदेही पोटात जाता कामा नयेत. सोललेला कांदा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नका, आणि कुत्रा उकरतो अशा ठिकाणी हे लावताना विचार करा.

झोप आणि जाग

परदेशी पुस्तकांत आणि हल्ली व्हिडिओंमध्येही ‘कंद शरदात लावा’ असं सांगतात. तो सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांचा. तिथला कंद थंडी चुकवायला जमिनीत झोपतो आणि वसंतात उठतो. आपल्या बागांतले बरेचसे कंद मेक्सिको, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेतून आलेले; ते झोपतात कोरडे दिवस चुकवायला. म्हणून फुटबॉल लिली आपल्याकडे दिवाळीनंतर पिवळी पडून गडप होते आणि मेमध्ये, पावसाच्या आधीच, पानांशिवाय लाल चेंडू घेऊन वर येते. झोपेतल्या कुंडीला रोज पाणी घालणं ही तिला मारायची खात्रीची पद्धत. डिसेंबर ते मार्च कुंडी पावसापाण्यापासून दूर, सावलीत, आडवी करून ठेवली तरी चालते. फक्त त्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर रिकामी समजून कुणीतरी त्यात कोथिंबीर पेरतं.

ग्लॅडिओलस आणि डेलिया यांचं वेळापत्रक उलटं. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये लागवड, थंडीत फुलं, उन्हाळ्यात विश्रांती. निशिगंध दोन्हींच्या मधला: थंडीत मंदावतो, पण पूर्ण झोपतोच असं नाही.

ट्युलिपबद्दल दरवर्षी विचारणा होते, म्हणून एवढंच सांगतो. ट्युलिपच्या कांद्याला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या खालची थंडी लागते, तेव्हाच दांडा नीट लांबतो. श्रीनगरला ती निसर्गतः मिळते, म्हणून तिथली ट्युलिप बाग मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुलते. पुण्यात किंवा नाशकात फ्रिजमध्ये थंड करून आणलेला कांदा डिसेंबरात लावला तर एकदा फूल मिळतं. दुसऱ्या वर्षासाठी तो जपत बसू नका. तो पुष्पगुच्छासारखाच, एकदाचा खर्च.

माती आणि खोली

कंद मरतात ते बहुधा तहानेने नाही, पाणी तुंबून. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी कित्येक दिवस मुरत नाही, म्हणून तिथे १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करावाच लागतो. कोकणातली जांभ्याची माती निचऱ्याची, पण एवढ्या पावसात तिच्यातलं अन्न वाहून जातं. तिथे खत एकदम न देता थोडंथोडं आणि वारंवार द्यायचं.

कुंडीसाठी २ भाग माती, १ भाग जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा, १ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि १० इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. अर्धवट कुजलेलं शेणखत कंदाला चिकटलं तर ते कंदासकट कुजतं. खताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही. कोकोपीट घालायचंच तर हात आखडता ठेवा. ते पाणी धरून ठेवतं, आणि कंदाला नेमकं तेच नको असतं.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची जुनी सवय सोडलेली बरी. बारीक मातीतून पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही. माती आधी पूर्ण चिंब होते आणि मगच पाणी गळतं. खडीमुळे ओला पट्टा उलट वर सरकतो, मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरेसा.

‘कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा’ हा नियम ट्युलिप-डॅफोडिलसाठी आहे. आपल्याकडे तो सगळ्यांना लावला की कुजण्याला आमंत्रण. अमरिलिसचा मानेकडचा तिसरा हिस्सा मातीच्या वर दिसला पाहिजे. फुटबॉल लिलीची मान मातीच्या पातळीला. रेन लिली २ ते ३ सेंटिमीटर खोल, कर्दळ आणि सोनटक्का ५ सेंटिमीटर, निशिगंध ५ ते ७. ग्लॅडिओलस मात्र ८ ते १० सेंटिमीटर खोल हवा, कारण नवा गड्डा वरच्या बाजूला बसतो आणि दांडा जड असतो. उथळ लावलेलं झाड वाऱ्याला आडवं होतं.

निशिगंध

लागवड मार्च ते मे. कंद २ ते ३ सेंटिमीटर जाडीचा, हरभऱ्याएवढा अजिबात नको. ताजे उकरलेले कंद लगेच लावू नका. महिनाभर सावलीत, हवेशीर पसरून ठेवले की उगवण सारखी होते. दोन कंदांत २० ते ३० सेंटिमीटर अंतर, १२ इंची कुंडीत तीन कंद. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर निशिगंधाच्या नादी लागू नये, नुसतं गवत वाढेल. लागवडीनंतर साधारण तीन-साडेतीन महिन्यांत पहिला दांडा दिसतो.

जात निवडताना उपयोग ठरवा. हारासाठी, वासासाठी एकेरी: बंगळूरजवळच्या हेसरघट्टा इथल्या बागायती संशोधन संस्थेचे शृंगार आणि प्रज्वल, किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले रजनी. फुलदाणीतल्या दांड्यासाठी दुहेरी सुवासिनी किंवा अर्धदुहेरी वैभव. दुहेरी फूल भरघोस दिसतं, वास मात्र एकेरीचा जास्त.

इथे एक गोष्ट कळली की बरीच निराशा टळते. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच दांडा देतो. पुढच्या वर्षी जी फुलं येतात ती त्याच्या अंगाला आलेल्या पिल्लांची. पिल्लं मोठी होतात ती आईच्या पानांवर आणि स्वतःच्या पानांवर. फुलं झाल्यावर दांडा बुडापासून कापा, पानांना हात लावू नका, आणि खत याच वेळी द्या. दांडा दिसल्यावर दिलेल्या खताने त्या दांड्याची फुलं फारशी वाढत नाहीत. ती आधीच ठरलेली असतात.

तीन वर्षांनी बुडाशी पिल्लांची एवढी दाटी होते की सगळे उपाशी. तेव्हा उकरून, वेगळे करून, मोठे कंद पुन्हा लावायचे, बारके एका बाजूच्या वाफ्यात वर्षभर पोसायचे. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, आहेत. ती जागा एक हंगाम झेंडूला द्या.

अमरिलिस, आणि पानं मोजायची गंमत

अमरिलिस या नावाने नर्सरीत मिळतो तो बहुतेक वेळा हिपिअ‍ॅस्ट्रम. याच्या कांद्यात एक ठरलेला क्रम चालतो: चार पानं, मग एक फुलाचा कोंब, पुन्हा चार पानं, पुन्हा कोंब. कोंब आत तयार होऊन बाहेर यायला जवळपास वर्ष जातं. म्हणजे पावसाळ्यात ज्या कांद्याने आठ सशक्त पानं काढली, तो पुढे दोन दांडे देऊ शकतो. ज्याची पानं सावलीत तीनवर अडली, तो गप्प बसतो. कांद्याचा घेर २० सेंटिमीटरच्या आत असेल तर फुलाची फार आशा धरू नका, त्याला अजून वर्षभर खाऊ घाला.

जून ते ऑक्टोबर सकाळचं चार-पाच तासांचं ऊन, दर पंधरा दिवसांनी १ लिटर पाण्यात २ ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत). डिसेंबरात पाणी बंद. पानं आपोआप पिवळी पडतील. न पडल्यास ओढू नका. फेब्रुवारीअखेर वरची ३ सेंटिमीटर माती बदला आणि एकदा भरपूर पाणी द्या. कोंब दिसेपर्यंत दुसरं पाणी नाही. मार्च-एप्रिलमध्ये दांडा येतो. अमरिलिसला थोडी अडचण आवडते: कांदा आणि कुंडीची कड यांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको, नाहीतर त्याची ताकद पिल्लांत जाते.

फुटबॉल लिलीला तर हलवलेलंही खपत नाही. कुंडी बदलली की एखादं वर्ष रुसते, म्हणून चार-पाच वर्षं हातच लावू नका.

रेन लिलीचं गुपित नावातच आहे. कोरड्या दिवसांनंतर पाणी मिळालं की चार-पाच दिवसांत फुलं. रोज पाणी मिळणाऱ्या कुंडीत ती गवतासारखी वाढते आणि फुलत नाही. दोन-तीन आठवडे कुंडी कोरडी ठेवा, मग एका दिवशी टबात बुडवून चिंब करा; वर्षातून तीन-चारदा असा बहर काढता येतो. दाटी तिला मानवते, म्हणून १० इंची कुंडीत २० ते २५ कांदे खुशाल लावा.

ग्लॅडिओलस: कापताना चार पानं ठेवा

गड्डा ४ ते ५ सेंटिमीटर रुंदीचा आणि उंचीला भरीव निवडा. चपट्या आणि रुंद गड्ड्यापेक्षा उंच गड्डा चांगला. लावण्याआधी वरचा तपकिरी पापुद्रा सोला. खाली काळे, खोलगट डाग असतील तर तो गड्डा टाकून द्या. ही मर रोगाची बुरशी, आणि ती जमिनीत वर्षानुवर्षं राहते. चांगले गड्डे १ लिटर पाण्यात २ ग्रॅम कॅप्टन हे बुरशीनाशक मिसळून अर्धा तास बुडवायचे, हातमोजे घालून.

पाण्याचा ताण इथे चालत नाही. तिसरं पान आल्यापासून आत दांडा घडायला लागतो. त्या सुमाराला आठवडाभर माती कोरडी पडली तर दांडा आखूड येतो किंवा आतच सुकतो. पाचव्या-सहाव्या पानाला बुडाशी मातीची भर द्या, बांबूची काठी लावा. जातीप्रमाणे ६० ते ९० दिवसांत फुलं येतात.

खालची एक-दोन फुलं रंग दाखवायला लागली की दांडा कापायचा, पण झाडावर निदान चार पानं ठेवून. पूर्ण दांडा बुडापासून घेतला की फुलदाणी छान दिसते आणि पुढच्या वर्षी गड्डा बोराएवढा मिळतो. कापल्यावर सहा ते आठ आठवडे पाणी कमी करत जा, पानं पिवळी झाली की उकरा, सावलीत दोन-तीन आठवडे सुकवा. उन्हात वाळवत टाकू नका. मग कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, फळांपासून दूर: पिकणाऱ्या सफरचंद-केळ्यांतून निघणाऱ्या वायूने कोंब खराब होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले गड्डे घामेजतात आणि बुरशी धरतात.

सोनटक्का आणि कर्दळीला पाणी हवं, सोनटक्क्याला थोडी सावलीही. दोन्हींचं एक खोड एकदाच फुलतं. फुललेलं खोड जमिनीलगत कापलं की बाजूच्या फुटव्याला उजेड मिळतो. इथे कापणं योग्य, कारण बाजूची खोडं पानांसकट उभीच असतात.

बिघडतं कुठे

जुलै-ऑगस्टात लिलीवर्गीय झाडांवर काळी, पांढऱ्या आणि लालसर ठिपक्यांची अळी येते. एका रात्रीत पानांचा पापड करते आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर मानेतून कांद्यात उतरते. पानाच्या मागच्या बाजूला अंड्यांचा पुंजका दिसला की तेवढा तुकडा कापून टाका. अळ्या मोठ्या आणि मोजक्या असतात; चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं फवारणीपेक्षा जलद होतं. फारच झाल्या तर बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं जैविक कीटकनाशक संध्याकाळी, पाकिटावरच्या प्रमाणात फवारा.

अमरिलिसच्या पानांवर आणि दांड्यावर लाल चट्टे, दांडा वाकडा: हा बुरशीचा रोग, ओल्या पानांवर वाढणारा. पाणी मातीला द्या, झाडाच्या डोक्यावर नको. डागी पानं मात्र कापावीच लागतात.

कांदा मऊ लागला, वास आला, तर उकरून कुजका भाग पांढरा गाभा दिसेपर्यंत कापा, कोळशाची पूड लावा, दोन दिवस सावलीत सुकू द्या, आणि नव्या, कोरडसर मातीत लावा. पाणी चार दिवसांनी.

झुडपं: खड्डा, आळं आणि पिशवी

जमिनीत लावायचं असेल तर मेमध्ये ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा खणून पंधरा दिवस उन्हात तापू द्या. भरताना तीच माती, ५ ते ८ किलो शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड. खड्डा जमिनीच्या थोडा वर येईपर्यंत भरा, पहिल्या पावसात तो बसतो. दोन-तीन चांगले पाऊस झाले की रोप लावायचं. कोकणात जुलैच्या धो-धो पावसापेक्षा ऑगस्टच्या उघडिपीत लावलेलं बरं.

पिशवी फाडून काढा. तळाशी मुळ्या गोल फिरलेल्या असतील तर त्या कात्रीने तीन-चार ठिकाणी कापा. तशाच राहिल्या तर त्या आयुष्यभर गोलच फिरतात, आणि तीन वर्षांनी झाड ‘वाढतच नाही’ अशी तक्रार येते. रोप पिशवीत जेवढं होतं तेवढंच खोल. कलमी गुलाबाचा सांधा मातीच्या वर. आळं बुंध्याभोवती नको, फांद्यांच्या घेराखाली हवं. बुंध्याशी साचलेलं पाणी साल कुजवतं.

मोगऱ्याला ताण

डाळिंब-पेरूचा बहार धरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाणी तोडायचं, झाडाला थांबायला लावायचं, छाटायचं, मग खत-पाणी देऊन एकदम उठवायचं. मोगऱ्याला तसंच करायचं असतं, कारण त्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला, तीन-तीनच्या झुपक्याने येते. जेवढे नवे शेंडे, तेवढे झुपके. जुनी फांदी फक्त पानं पोसते. वसईकडचा जो मोगरा पहाटे दादरच्या फुलबाजारात येतो, तोही अशाच नव्या फुटीवरचा.

नोव्हेंबरअखेरपासून पाणी कमी करा. जमिनीतल्या झाडाला तीन-चार आठवडे पूर्ण ताण चालतो. कुंडीतल्याला नाही, तिथे पानं मलूल दिसली की पेलाभर पाणी द्या. डिसेंबरअखेर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा ही छाटणीची वेळ. जमिनीतलं झुडूप ४५ ते ५० सेंटिमीटरवर कापा, कुंडीतलं निम्म्यावर आणा. वाळलेल्या, पेन्सिलीपेक्षा फार बारीक आणि एकमेकींत घुसणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. उरलेली पानंही ओरबाडून टाका. झाड उघडंबोडकं दिसेल, आणि घरातलं कुणीतरी ‘मारलंत की’ म्हणेल. म्हणू द्या.

मग वरची माती खुरप्याने हलकी करून जमिनीतल्या मोठ्या झाडाला १० किलो शेणखत, १२ इंची कुंडीला दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, आणि पाणी सुरू. दोन-तीन आठवड्यांत लालसर फूट, फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये कळ्या. एक बहर झाला की प्रत्येक शेंडा दोन पेरं खुडा. महिना-दीड महिन्यात पुन्हा कळ्या येतात. पावसाळ्यापर्यंत असे दोन-तीन बहर मिळतात. जुईला याच पद्धतीने थोडं उशिरा, जानेवारीअखेर छाटा.

कळ्या जांभळट पडून वाळत असतील, त्यांना बारीक भोक आणि जाळी असेल तर कळी पोखरणारी अळी आहे. अशा कळ्या रोज वेचा. झाडाखाली पडू दिल्या तर पुढची पिढी तिथेच तयार होते.

जास्वंद नव्या फुटीवर पानाच्या बेचक्यात फुलतो, म्हणजे फांदी वाढत राहिली तरच फूल. फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटा. त्यानंतर दोन-अडीच महिने फुलं कमी असणार हे गृहीत धरा. न उमलताच कळ्या गळत असतील तर गळलेली कळी चिरून बघा. आत बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर कळीमाशी आहे: पडलेल्या सगळ्या कळ्या तीन-चार आठवडे गोळा करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा, मग फेका. माशीचा कोष मातीत होतो, म्हणून कळी जमिनीवर राहणंच घातक. कळी स्वच्छ असेल तर कारण पाण्याची ओढाताण किंवा कुंडीची जागा बदलणं. पिठ्या ढेकणाला (कापसासारखी पांढरी, चिकटून बसणारी कीड) पाण्याचा जोरदार फवारा, मग १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर नीमतेल आणि थोडा द्रव साबण, आठवड्याच्या अंतराने तीनदा. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय हा उपाय टिकत नाही. त्याच पिठ्याची ने-आण आणि राखण करतात.

गुलाबाची छाटणी पाऊस थांबल्यावर, दसरा-कोजागिरीच्या सुमारास. बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर, तिरका काप. फुलं ४० ते ५० दिवसांत. सांध्याखालून येणारा जोमदार फुटवा गुलाबाचा नाही, खुंटाचा (ज्यावर कलम बांधलं त्या झाडाचा) आहे, तो मातीत शिरून मुळापासून ओढून काढा.

स्वयंपाकघरातल्या खतांबद्दल: अंड्याचं टरफल मातीत विरायला वर्षं लागतात. केळ्याची साल कुजल्याशिवाय काही देत नाही आणि तोवर चिलटं जमवते. साखरेच्या चहाचा चोथा मुंग्या आणतो, मुंग्या पिठ्या आणतात. हे सगळं कंपोस्टच्या पिंपात टाका, कुंडीत नको.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं मोगऱ्याला आणि सर्वांत जास्त अनंताला होतं. माती उपाशी नसते. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने मातीतलं लोह झाडाला उचलता येत नाही. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, सकाळी लवकर पानांवर, पंधरा दिवसांनी पुन्हा. फरशी आणि भिंत झाका, त्याचे गंजाचे डाग निघत नाहीत. पावसाचं पाणी पिंपात साठवता आलं तर उन्हाळ्यात ते आधी अनंताला द्या.

आणि अनंताला मोगऱ्याबरोबर जानेवारीत छाटू नका. त्याच्या कळ्या थंड रात्रींत फांद्यांच्या टोकाला धरतात आणि कित्येक आठवडे तशाच हिरव्या, घट्ट मिटून बसतात. पान समजून त्या कापल्या जातात. त्याची कात्री बहर संपल्या-संपल्या, फार तर महिनाभराच्या आत.